आशावादाचा एक आठवडा

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा (वय वर्षे एक्क्याऐंशी) साष्टांग नमस्कार. कंबर ऐकत नसल्याने तो खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घे. तुझं पत्र पोचलं. डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशनचं म्हणतात आणि तू म्हणतेस, आता राहिलेत किती दिवस! त्यावर मी भांडणारच आहे, पण आधी माझी फजिती ऐक.

सूनबाईंनी पेपरात वाचलं की आशावादी माणसं जास्त जगतात आणि शेवटपर्यंत हिंडतीफिरती राहतात. झालं! माझी रवानगी ज्येष्ठांच्या आनंदवर्गात. शिकवणारी मुलगी पंचविशीची (म्हातारपण तिने कुठे पाहिलं, कोण जाणे). रोज आरशात बघून हसायचं आणि तोंडातून 'नाही' काढायचं नाही. आठवडाभर मी तेही केलं, कारण चिरंजीवांनी दम भरला होता की तुमची चिडचिड थांबली नाही तर दुकानाला कुलूप.

आता माझी रीत तुला ठाऊक आहे. पंचावन्न वर्षं कुणाचंही घड्याळ हातात घेतलं की मी आधी म्हणतो, "हे गेलं, काही होणार नाही याचं." गिऱ्हाईक निर्धास्तपणे घरी जातं आणि चार दिवसांनी चालू घड्याळ घेऊन जातं. सोमवारी शेजारचा बेकरीवाला सासऱ्यांचं घड्याळ घेऊन आला. मी भिंगातून पाहिलं, तोंडभर हसलो आणि म्हणालो, "वा! अगदी सहज होईल!" त्याचा चेहराच उतरला. "काका, एवढं वाईट आहे का हो?" म्हणत त्याने घड्याळ उचललं. बुधवारपर्यंत आणखी तिघांनी आपापली घड्याळं परत नेली, आणि बेकरीवाल्याने चिरंजीवांना फोन करून हळूच विचारलं, काकांना डॉक्टरांनी काही सांगितलंय का.

शनिवारी मी वर्गात उभा राहिलो आणि सांगितलं, बाई, जगात काहीतरी बिघडलेलं आहे म्हणून मी सकाळी उठतो. सगळं छान आहे म्हटल्यावर उठू कशाला? आणि चपला घालून निघालो. दुकान उघडं आहे. चिरंजीवांनी खुशाल कुलूप आणावं, मी आत बसलेला असेन.

तुझा,
धाकटा

ता. क. : दुकानाचा भाडेकरार काल नवा केला, पंधरा वर्षांचा. मालक दहा म्हणत होता, मी ऐकलं नाही. सूनबाईंना कळवू नकोस, ती याला आशावाद म्हणेल.

ता. क. २ : ऑपरेशन करून घे. मी येऊन महिनाभर राहीन, कुरकुरेन, पण राहीन. मला रागावणारं माझ्याहून मोठं माणूस आता तू एकटीच उरली आहेस, ताई. सगळ्यांत मोठं व्हायची माझी अजून तयारी नाही.