लपाछपीच्या खेळाविषयी निवृत्त सुरक्षा पर्यवेक्षकाचा अहवाल

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकायला डॉक्टरांनी अजून दोन आठवडे मनाई केली आहे, तेव्हा तूर्त तो कागदावरच घ्यावा). तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला या दोघांनीही एव्हाना काढता पाय घेतला असेल अशी आशा आहे. माझं हृदय वेळेवर चाललं आहे. बाकी घरात वेळेवर चालणारं तेवढंच.

मी इस्पितळातून घरी आलो त्या दिवशी तुमच्या लेकीने ते हातात मावणारं खेळायचं यंत्र माझ्या उशाशी ठेवलं. काकांना सहा आठवडे एका जागी बसवायचा एवढाच मार्ग आहे, असं ती हिला म्हणाली. त्यात एवढं काय आहे, असं तुम्ही पत्रात विचारलंत. औषधांच्या गोदामावर एकतीस वर्षं पहारेकऱ्यांचा पर्यवेक्षक म्हणून काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारल्यावर उत्तर चार ओळींत येईल, असं तुम्हालाही वाटलं नसेल.

तर खेळ असा. काळ्या कपड्यांतला एक इसम परक्याच्या कारखान्यात, गोदामात, कचेरीत शिरतो आणि पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून कागदपत्रं पळवतो. म्हणजे ज्या माणसाला जन्मभर हुडकलं, तोच आता मी. पहिले दोन दिवस मला खेळायचीच लाज वाटली. पण गुण ते गुण म्हटलेच पाहिजेत. इथे उतावळ्याचं काम नाही. बंदूक आहे, पण झाडली की भोंगा वाजतो आणि सगळी पलटण अंगावर येते, त्यामुळे शहाणा माणूस ती खिशातच ठेवतो. यंत्राबरोबर आलेली ऐकायची बोंडं कानात घातली की लोखंडी जिन्यावरचं पाऊल वेगळं, खडीवरचं वेगळं, ओल्या फरशीवरचं वेगळं ऐकू येतं (गोदामाच्या आवाजांची इतकी जाण आमच्या मालकांनासुद्धा नव्हती). आणि एकेक मोहीम एवढी आटोपशीर की सकाळच्या गोळीपासून दुपारच्या गोळीपर्यंत दोन सहज उरकतात.

दोषही पदरात भरपूर आहेत. अक्षरं मुंगीएवढी. आजूबाजूला बघायचं तर एक बटण दाबून धरत दुसरं फिरवायचं, आणि तेवढ्यात चित्र असं गरकन वळतं की समोर पहारेकरी आहे की भिंत, ते भोंगा वाजल्यावरच कळतं. पाऊण तास श्वास रोखून सरपटत यावं आणि बॅटरीने मान टाकावी, म्हणजे पुन्हा फाटकापासून सुरुवात, कारण झालेली प्रगती जपून ठेवायची सोय ठरावीक ठिकाणीच आहे. आणि शेवटच्या मोहिमांत तर कर्त्यांनी हातच टेकले आहेत. सबंध खेळभर ‘हळू, हळू’ म्हणून शिकवायचं आणि शेवटी अंगणभर माणसं सोडून ‘आता झाड गोळ्या’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

पण माझा खरा आक्षेप त्यातल्या पहारेकऱ्यांवर आहे. ते रोज त्याच रस्त्याने, तेवढीच पावलं चालतात. सोबती आडवा पडलेला दिसला तरी पंधरा सेकंद इकडेतिकडे बघतात, ‘काही नसेल’ असं पुटपुटतात आणि पुन्हा फेऱ्या मारू लागतात. असा माणूस मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला नसता. हे मी हिला तावातावाने ऐकवलं. ती भाजीची पिशवी घेऊन बाहेर निघाली होती. ऐकून घेतलं आणि गेली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही मंगळवारी आणि शुक्रवारी, बरोबर चार वाजता, भाजीला जाते आणि दीड तासाने एक लिंबू घेऊन परत येते. तिच्या उशीखाली मी एकदा रस्त्यावरच्या खुणांचं एक पुस्तकही पाहिलं होतं. पाहिलं, आणि त्या पहारेकऱ्यांसारखाच मनाशी काय म्हणालो ते तुम्ही ओळखलंच असेल.

शुक्रवारी मी पाठलाग केला. कोपऱ्यापर्यंत चालायची परवानगी होतीच, कोपरा कोणता हे डॉक्टरांनी लिहून दिलेलं नाही. भर उन्हात काळा स्वेटर, हातात काठी. आधी कुंपणाच्या मेंदीमागे, मग पाण्याच्या टाकीमागे, मग सामान पोचवणाऱ्या एका टेम्पोमागे मी खेळातल्यासारखा उकिडवा बसलो. ही मैदानाच्या फाटकातून आत जाऊन दिसेनाशी झाली. खेळातल्या गाड्या जागच्या हलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण मला उशिरा कळला. टेम्पो निघून गेला. मी रस्त्याच्या मधोमध, उकिडवा, आणि गुडघे उठायला तयार नाहीत.

समोरून शिकाऊ गाडीची पाटी लावलेली छोटी मोटार आली आणि माझ्यापासून चार हातांवर थांबली. अगदी झोकात थांबली. चाकामागे ही होती. शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्या बाई ‘छान’ म्हणाल्या (ते ब्रेकला होतं, मला नव्हे). हिने काच खाली केली आणि उठता येतंय का, एवढंच विचारलं. येत नव्हतं. दोघींनी मिळून मला मागच्या सीटवर घातलं.

शिकवणी अर्धी राहिली होती म्हणून ती पुरी झाली. मी मागे बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होतो. मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तिने मागे वळून पाहिलं नाही, तसं बघायचं नसतं.

“त्या दिवशी तुम्ही पायरीवर घामाने थबथबून बसला होतात,” ती म्हणाली. “गाडी दारात होती. किल्ली माझ्या हातात होती. आणि मी रस्त्यावर उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्याला हात करत होते. पाऊण तास.”

दादा, लग्नानंतर तीन वेळा तिने मला गाडी शिकवा म्हटलं होतं, आणि तिन्ही वेळा मी म्हणालो होतो, तुझं लक्ष नसतं. मोटारीत हे मला आठवलं, तिलाही आठवत असणार. ती सिग्नलला अशी अलगद थांबली की माझी काठीसुद्धा पडली नाही. छान चालवतेस, असं मी म्हणालो. बोलायला मला दोन चौक लागले.

वहिनींना नमस्कार. लेकीला अनेक आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. : इस्पितळातून आल्यावर डोकं फिरून मी गाडी विकायला म्हणून तुमच्या अंगणात नेऊन उभी करवली होती. गिऱ्हाईक आलं असेल तर गाडीत खोट आहे असं सांगून परत पाठवावं. हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच. हिला यातलं काही कळू देऊ नये, परीक्षा पास झाली की अचानक दाखवायची आहे.

ता. क. २ : भाऊजी, यांनी पत्र टाकायला माझ्याच हातात दिलं. पाकीट उघडंच होतं. परीक्षा कालच पास झाले. रविवारी गाडी न्यायला मी येते, टाकीत पेट्रोल घालून ठेवा. पास झाल्याचं यांना अजून सांगितलेलं नाही. सांगेन, पण शिकाऊ पाटी तशीच ठेवून पंधरा दिवस यांना माझ्या मागच्या सीटवर गुपचूप बसायची सवय झाली की मग.