हेग करार आणि लांजीची बस

३ फेब्रुवारी
कॉलेजात मी राज्यशास्त्राचा अतिथी विद्वान, नेमणूक वर्षावर्षाची. प्राचार्य म्हणाले, सेमिनार गाजला तरच पुढचं वर्ष. नाहीतर लालबर्‍याला सासऱ्यांची राईस मिल, कोंडा आणि धूळ. विषय ठरवला: विमान अपहरणाविरुद्धचे आंतरराष्ट्रीय करार. गाजणारच. बायको सीता म्हणाली, आपल्या इथं इमानच नाही येत, तं पळवनार कोन? तिला कायद्याची दृष्टी नाही.

७ फेब्रुवारी
वर्गात अपहरणाच्या प्रात्यक्षिकाची तालीम. बाकं म्हणजे विमान. सगळ्यांना अपहरणकर्ता व्हायचंय, प्रवासी कोणालाच नाही. त्यावरून पियुषने राजेंद्रच्या थोबाडीत दिली, राजेंद्रने त्याचं डोकं फळ्यावर आपटलं. मी कलमं वाचत राहिलो. पोरांना विषय भिडतोय. रक्त डस्टरने पुसलं.

९ फेब्रुवारी
दीप्तीने विचारलं, सर, गुन्हा कधीपासून धरायचा? हेग करार: प्रवासी चढून सगळी दारं बंद झाली की विमान उड्डाणात. म्हणजे खरं दार पाहिजे. कंडक्टर बाबूलालची लांजी बस ठरवली. तिचं दार लागत नाही, सुतळी मी नेणार. प्रवाशांना आधी सांगायचं नाही, खरेपणा जातो.

१२ फेब्रुवारी, सकाळी ८
नवा शर्ट. प्राचार्य पुढच्या सीटवर बसणार. आज माझा दिवस.

१२ फेब्रुवारी, दुपार
डाव्या हाताने लिहितोय. दार बांधलं, गाठ उत्तम. पियुष ओरडला, बस आमच्या ताब्यात! मी उभा राहून कलम दोन वाचलं: अपहरणकर्त्याला कठोर शिक्षा व्हावी. प्रवाशांनी लगेच अंमलबजावणी सुरू केली. विमलाबाई नावाच्या एका म्हातारीने पितळी डबा पियुषच्या नाकावर घातला. मोठा आला बस पळवनारा! म्हणाली. मला चपला, कोपर, मग जॅकचा दांडा. समोरचे दोन दात गेले. पळावं तर गाठ सुटेना. प्राचार्यांना लोक टोळीचे म्होरके समजले. बाबूलालने ओळख दिली नाही.
तरी सहभाग शंभर टक्के.

१३ फेब्रुवारी
जिल्हा रुग्णालय. पियुषचं नाक मोडलं, सात टाके. त्याची आई मंजूबाई माझ्या खाटेजवळ आली, म्हणाली, सर, तुमी सांगतलं म्हनून गेलता तो. मला तोंड लपवावंसं वाटलं. लाज वाटली, खरंच. प्रवाशांनी कलम पूर्ण ऐकायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी
पोलीस ठाणं. कराराप्रमाणे आरोपीवर खटला भरावा, नाहीतर मागणाऱ्याच्या हवाली करावं. ठाण्याच्या टीआय साहेबांनी, म्हणजे ठाणेदारांनी, करार वाचलेला नाही, पण विचारलं तेच: तक्रार कोणाची, नाहीतर याला नेणार कोण? विमलाबाई म्हणाली, मारलं ना आमी, आता तक्रार काहून? मागणारं एकच होतं. सासरे जीप घेऊन आले होते. मी हरकत नोंदवली. दातांअभावी कोणाला कळली नाही.
प्राचार्यांनी निरोप पाठवला: पुढच्या वर्षी दुसरा माणूस. सीतेने माझे कपडे आधीच बॅगेत भरले होते.
वाटेत सासऱ्यांनी विचारलं, पोतं उचलता येते काय?
मी हौ म्हटलं.