तिसऱ्या कडव्यातली फासळी

प्रिय पिपाणी,

पाकिटावरचं अक्षर बघून म्हणाली असशील, उखळ अजून जिवंत आहे तर. आहे. वजन तेवढं बॉक्सिंगच्या हिशेबानं दोन गट वर सरकलंय. बारा वर्षांनी लिहितेय म्हणून सुरुवात गोड करावी असं वाटलं होतं, पण गोड बोलणं तुझ्या धंद्यात शोभतं. माझ्या धंद्यात गोड बोलणारा बहुतेक वेळा समोरच्या कोपऱ्यातला असतो.

आमचा सरावाचा हॉल तसाच आहे, खिडकीची फुटकी काचसुद्धा. सरांच्या जागी आता मी ओरडते. वर तुमचा गाण्याचा वर्ग होता तिथं विम्याचं ऑफिस आलंय. ते आमच्या आवाजाची तक्रार करत नाहीत. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींची ठोसाठोशी बघून विम्याचे फॉर्म घेऊन खाली येतात. तुला मात्र तुझ्या गाण्याच्या बाईंनी तक्रार घेऊनच पाठवलं होतं, की आमच्या ठोशांनी जमीन हादरते आणि वर सगळ्यांचे सूर हलतात. पंधरा वर्षांची तू, दोन वेण्या, छातीशी वही. सर म्हणाले, वरून रडण्याचे आवाज येतात ते आधी बंद करा, मग बघू. तू बाकावर टेकलीस आणि वर जायचं विसरलीस. अर्ध्या तासानं मला जे सांगितलंस ते सरांना तीन वर्षांत कळलं नव्हतं. उजवा ठोसा मारण्याआधी मी नाकानं सूं करून श्वास ओढते, आणि समोरची बहिरी नसेल तर तिला आधीच निरोप पोचतो. मी चिडून तुला पिपाणी म्हटलं. तू मला उखळ म्हणालीस, कारण कितीही कुटलं तरी जागचं हलत नाही. तो सूं घालवायला मला दोन महिने लागले, आणि वर्षाच्या आत पहिलं पदक आलं.

बदल्यात मी तुला दोरीवरच्या उड्या शिकवल्या. तिसाव्या उडीला तू मरणाची भाषा करायचीस. पुढे मुलाखतींतून सांगत फिरलीस की तुझा दमसास ही निसर्गाची देणगी आहे. निसर्गाला माझा नमस्कार सांग.

मग तू प्रसिद्ध झालीस, मी विजेती झाले, आणि दोघींच्याही घरच्यांना अचानक आठवलं की त्यांना हे पहिल्यापासूनच माहीत होतं. हिच्या मोडक्या नाकाशी लग्न कोण करणार, म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या माझ्या दादानं पदकांसाठी अख्खी भिंत रिकामी केली. कार्यक्रम सोडून तू माझ्या प्रत्येक लढतीला यायचीस, तिसऱ्या रांगेत, डोळे मिटून. लोकांना वाटायचं, बिचारी घाबरते. तू ऐकत असायचीस.

म्हणूनच तुला कळलं. शेवटच्या लढतीच्या आदल्या दिवशी सरावाला आलीस, दहा मिनिटं बसलीस, आणि मला बाजूला घेऊन म्हणालीस, "डावीकडे तुझा श्वास पुरा जात नाहीये. उद्या उतरू नकोस." फासळीला तडा गेला होता. ते मी सरांपासून लपवलं होतं, डॉक्टरांपासून लपवलं होतं, आरशापासूनही जवळजवळ लपवलं होतं. मी काय म्हणाले ते तुला पाठ असेलच. "तू तुझं गाणं बघ. मार खाल्लायस का कधी?"

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या फेरीत, ठोसा नेमका तिथंच बसला. फासळी आत घुसली आणि माझा खेळ कायमचा संपला. तू दवाखान्यात तीनदा आलीस. तिन्ही वेळा मी झोपेचं सोंग घेतलं. सोंग घेतलेल्या माणसाचा श्वास वेगळा असतो, हे जगात एका बाईला नक्की कळतं आणि मी नेमकी तिच्यासमोरच नाटक करत होते. तू पाच-दहा मिनिटं बसायचीस, पांघरूण नीट करायचीस आणि जायचीस. चौथ्यांदा आली नाहीस. बरोबरच केलंस.

आता इतक्या वर्षांनी उखळाला कंठ का फुटला ते सांगते. गेल्या रविवारी दादाकडे टीव्हीवर तुझा कार्यक्रम लागला होता. वहिनीला फोन आला म्हणून तिनं आवाज बंद केला. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे माझं काही अडलं नाही. मी नुसती बघत होते. तुझ्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात, जिथं तू नेहमी वरच्या सुरात चढतेस, तिथं तू माइक लोकांपुढे धरलास. हजारो तोंडं हलली. वहिनी फोन ठेवून डोळे पुसत म्हणाली, एवढी मोठी झाली, पण बघा, लोकांना गाऊ देते. मला मात्र दिसलं की माइक फिरवण्याआधी तुझी हनुवटी खाली गेली, खांदा वर आला आणि हसू जरा लवकर आलं. दुखरी बाजू झाकणारा माणूस असाच हसतो. फासळी लपवताना मी आठवडाभर तशीच हसले होते. भाचीच्या फोनवर जुने कार्यक्रम काढायला लावले. तीन वर्षांपूर्वी ती जागा तू स्वतः गायचीस. गेल्या वर्षी तिथं नुसती वाद्यं. आता माइक लोकांकडे. पुढच्या महिन्यात तुझे एकवीस कार्यक्रम आहेत, आणि तुझ्या भोवती आहेत ते सगळे टाळ्या वाजवणारे.

त्या लढतीच्या वेळी तुझं बरोबर होतं. हे लिहायला एवढी वर्षं का लागली ते विचारू नकोस, उखळ जड असतं. आज माझं बरोबर आहे. घशाच्या एका चांगल्या डॉक्टरीणबाईंकडे मी येत्या गुरुवारी अकराचा नंबर लावलाय, माझ्या नावानं, म्हणजे बाहेर बोभाटा व्हायला नको. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. तू मला म्हणू शकतेस, तू तुझे ठोसे बघ. तो तुझा हक्क आहे, आणि मी ऐकून घेईन. पण दौऱ्याआधी ये. दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट मिळतं, तेवढ्यात आपल्या कोपऱ्यातला माणूस स्टुलावर बसवून खरं काय ते सांगतो. माझ्या कोपऱ्यात तू होतीस आणि मी तुला हाकललं. मी तुझ्या कोपऱ्यात बसणार आहे, बाहेरच्या बाकावर, पाण्याची बाटली घेऊन. आलीच नाहीस तर नंबर माझ्या नावावर आहे, मलाच आत जावं लागेल. आणि घशाच्या डॉक्टरांना मी काय सांगू? माझा घसा ठणठणीत आहे. दुखते ती डावी फासळी, आणि तीसुद्धा फक्त तुझं गाणं लागलं की.

तुझीच,
न हललेली
उखळ