उतार नसलेलं गणित

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. आपल्या ट्रकचे, थोरलीचे, ब्रेक फेल झाले, असं मी तुला कळवलं होतं. ते फेल झाले नव्हते. ते लागत होते, धूर येईपर्यंत लागत होते, आणि मग त्यांच्यात लागण्यासारखं काही उरलं नाही. चौथ्या वळणावर, असंही लिहिलं होतं. ते पाचवं वळण होतं. उत्तरात तू गॅरेजवाल्या मिस्त्रीकाकांना ज्या शिव्या दिल्यास त्या मी दोनदा वाचल्या. दादा, त्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या.

आधी बाबांचं सांगते. जखम सुकते आहे. गुडघ्याखाली काही नाही हे ते अजून विसरतात, सवयीनं उठायला जातात, आणि मग आईकडे बघून म्हणतात, क्लचचा पाय गेला, आता बिनक्लचची गाडी बघावी लागणार. आई हसत नाही. उशी सारखी करते आणि स्वयंपाकघरात जाते. तिथे ती बराच वेळ एकच भांडं घासत असते.

थोरली माझ्या आधी दोन वर्षं घरात आली म्हणून ती थोरली आणि मी धाकटी, ही बाबांची जुनी थट्टा. दुसरी थट्टा तुला पाठच असेल: हिच्यात एकशेतीस घोडे आहेत म्हणे, आणि चढावर एकही खाली उतरून ढकलत नाही. गेल्या हिवाळ्यात जेवताना ते पुन्हा तेच म्हणाले, तेव्हा मी पहिल्यांदा उत्तर दिलं. म्हटलं, नुसते घोडे मोजून भागत नाही, बाबा. इंजिन किती जोरानं पिळतं तो टॉर्क, आणि तो जोर किती वेगानं देत राहतं ती हॉर्सपॉवर. गिअर हा मधला दलाल. वेग घेऊन जोर देतो, जोर घेऊन वेग देतो, फुकट काहीच देत नाही. बाबांचा घास हातातच राहिला. आईला म्हणाले, ऐकलंस का, असलं आता आपल्या घरात बोलतात. दादा, त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस तरंगत होते.

सपाट रस्त्यावर थोरली फार ओरडायची, घरी आल्यावरही बाबांच्या कानात ती ओरडतच असायची. मी म्हटलं, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये चाकं फिरवणारं छोटं दातेरी चक्र, पिनियन, सहा दातांचं आहे, त्याजागी आठ दातांचं बसवा. वेग तोच राहील आणि इंजिन पाव हिश्शानं कमी फिरेल. कागदावर सगळं मांडलं. पूर्ण भरलेली गाडी सगळ्यात उभ्या चढावर पहिल्या गिअरमध्ये निघेल की नाही, हे तीनदा तपासलं. निघत होती.

मिस्त्रीकाकांनी तो कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, आणि विचारलं, पोरी, चढाचं झालं, उताराचं कुठाय? मला वाटलं म्हातारा खेचतोय. मी हसून म्हटलं, काका, उतारावर इंजिनाचं काय काम? कोणीच हसलं नाही. बाबांनी जमिनीकडे बघितलं. मग म्हणाले, ती म्हणते तसं कर, ती शिकलेली आहे.

मी नोकरी करते त्या प्रयोगशाळेत उतार नाही, दादा. इंजिन जमिनीला बोल्टांनी जखडलेलं असतं. ते ओढतं, मी काटा बघून आकडा लिहिते. त्याला मागून कोणी ढकलत नाही. पण लहानपणी आपण दोघं केबिनमध्ये बसायचो, तेव्हा उतार सुरू व्हायच्या आधी बाबा एक गिअर खाली टाकायचे आणि म्हणायचे, आता ही धरेल. इंजिनच धरायचं गाडी. ब्रेक नुसता मदतीला. हे मी माझ्या कानांनी शेकडो वेळा ऐकलं होतं. शाळेत, कॉलेजात, एवढ्या पुस्तकांत ते कुठे सांडलं, मला कळत नाही. मी पाव हिस्सा काढून घेतला तो ओढण्यातून जसा गेला, तसा धरण्यातूनही गेला. नेहमीचा तिसरा गिअर आता धरत नव्हता. उरलेलं सगळं ब्रेकवर आलं.

आणि हे बाबांना पहिल्याच फेरीत कळलं होतं. प्रत्येक फेरीनंतर मी वही घेऊन विचारायचे, कशी चालते? ते म्हणायचे, लोण्यासारखी. माझ्या वहीत तारखेसकट तीनदा 'लोण्यासारखी' लिहिलेलं आहे. तिसऱ्या फेरीनंतर मिस्त्रीकाकांनी ब्रेकचे जळून काळे पडलेले लायनर बदलले आणि जुनं पिनियन परत बसवू म्हणाले. बाबा म्हणाले, एवढ्यात नको, धाकटीला वाईट वाटेल. चौथ्या फेरीला पाचवं वळण आलं.

हे मला गेल्या आठवड्यात कळलं. गॅरेजला सील आहे, मिस्त्रीकाका बाहेर पायरीवर बसून असतात, इतक्या वर्षांच्या सवयीनं रोज सकाळी येतात. बाबांनी जबानीत एवढंच सांगितलं की ब्रेक लागले नाहीत. ते खोटं नाही, पण त्याचा अर्थ मिस्त्रीकाका असा लावला गेला. आता त्यांच्यावर खटला भरणार आहेत. मी सगळं विचारलं तेव्हा त्यांनी नाइलाजानं सांगितलं, आणि खिशातून माझा तो कागद काढून माझ्या हातात दिला. पोलिसांना दाखवला नाही का, विचारलं तर म्हणाले, पाना माझ्या हातात होता ना. तुझा कागद तुझ्याकडे ठेव.

बाबांना मी सांगितलं की मी खरी जबानी द्यायला जाणार. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, पाय गेला तो गेला, पण तू गुन्हेगार ठरलीस तर मी लोकांना सांगायचं काय? चाळीस वर्षांत माझ्याजवळ सांगण्यासारखं एकच होतं. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. बोलतील असं मला वाटत नाही. नोकरीही बहुधा राहणार नाही. यातून काही चांगलं निघेल असं लिहून तुला फसवत नाही. चुकीचं एकदा लिहिलं तेवढं पुरे.

मी तुझी परवानगी मागत नाही. पण मी तिथे जबानी देत असेन तेव्हा बाबांजवळ कोणीतरी बसायला हवं, आणि आईला ते एकटीनं झेपणार नाही. त्यासाठी हे पत्र. ये, आणि गाडीबद्दल काही बोलू नकोस, नुसता बस. तू आला नाहीस तरी तो कागद आणि ती वही घेऊन मी चौकशी अधिकाऱ्यांसमोर जाणार आहे: गुरुवारी, एकोणीस तारखेला, सकाळी साडेदहाला.

तुझीच,
धाकटी