बोलायची फरशी

प्रिय ताई,

मागच्या पत्रातली एक ओळ आधी खोड. चष्मे दुरुस्त करणाऱ्या मावशी सुनावणीला आल्याच नाहीत, असं मी लिहिलं होतं. आल्या होत्या. साडेदहापासून आमच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून होत्या, मांडीवर टपरीचे फोटो आणि मोजपट्टी. टपरी फुटपाथ अडवते अशी तक्रार होती ना, ती अडवत नाही हे त्या मोजून दाखवणार होत्या. बसल्याबसल्या त्यांनी माझ्या चष्म्याचा सैल स्क्रू घट्ट करून दिला. वर म्हणाल्या, "आता नीट दिसेल हो तुला, पोरी." आणि तोच चष्मा घालून मी त्यांचा परवाना रद्द करणाऱ्या आदेशात टाइप केलं, 'वारंवार पुकारा करूनही गैरहजर.' पुकारा एकदाही झाला नव्हता. बाकीचा आदेश दोन दिवस आधीच तयार होता. गुरुवारी, सुनावणीच्या दिवशी, साहेबांनी एवढी एक ओळ सांगितली.

तुला खोटं का लिहिलं? टाइप केलेलं खरं वाटायला लागतं, ताई. आठ दिवस मी स्वतःलाही तेच सांगत होते.

मी साहेबांना विचारलं होतं, बाई बाहेर बसल्यात, आत पाठवू का? तर हसले. "अगं, ऐकून काय वेगळं होणार आहे? निकाल ठरलाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, हात मात्र टाइप करत राहिले. निकाल ठरलाय तर सुनावणीची नोटीस कशाला काढली? बाकाची शोभा वाढवायला? कायदा सगळ्यांना सारखा म्हणे! तक्रार करणाऱ्या दुकानदाराला आत चहा आणि मावशींना बाहेरचा बाक.

आपल्या स्वयंपाकघरातली ती कोपरा तुटलेली फरशी आठवते? आपलं भांडण झालं की आई तिथे उभं करायची. फरशीवर जी उभी, तिचं संपेपर्यंत दुसरीने चकार शब्द काढायचा नाही. एकदा कात्री हरवली म्हणून तिने तुला न विचारताच मारलं, आणि कात्री निघाली तिच्याच डब्यात. तेव्हा आई स्वतः त्या फरशीवर उभी राहिली. "मी आधी विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाली. तिच्यापेक्षा मोठं कोण होतं गं आपल्या घरात? पण फरशी तिलाही चुकली नाही.

ऑफिसात म्हणते म्हणून पत्रातही साहेबच लिहीत आले. घरी मी त्यांना भावजी म्हणते. मावशींनी अपील केलंय. त्या बाकावर होत्या हे मी तिथे शपथेवर सांगणार आहे, आणि ती ओळ माझ्या हातची आहे हेही. नोकरी जाईल कदाचित. तू माझ्याशी बोलणं टाकशील, याची भीती त्याहून जास्त आहे. तरी हे पत्र भावजींना वाचायला दे. त्यांच्या पाठीमागे मला काही करायचं नाही. त्यांचं जे म्हणणं असेल ते त्यांनी तिथे येऊन मांडावं. त्यांचं संपेपर्यंत मी मध्ये बोलणार नाही. मंगळवार, सतरा तारीख, सकाळी अकरा वाजता.

तुझीच,
धाकटी