दाराकडची खाट

३ ऑक्टोबर १९७४
कर्जतहून एस्टीने खालापूरच्या वाटेवरच्या नव्या दवाखान्यात रुजू झालो आणि मन हरखलं. दहा खाटा, लाल कौलं, मागे पिवळी पडलेली भातशेतं. दिवाळीनंतर बायकोला, इंदुमतीला, पुण्याहून घेऊन येईन. आया गोदूबाईंनी स्वागतालाच विचारलं, की आधीचे डॉक्टर दोन म्हयन्यात पळाले, तुमची टरंक सोडू का तशीच र्‍हाऊ दे?

५ ऑक्टोबर
सलाइनच्या बाटल्या मोजक्या, रुग्ण फार. म्हणून तक्ता आखला: नाडी, श्वास, रक्तदाब, ताप, शुद्ध. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज सातच्या वर गेली, की माणूस वाचत नाही. त्याची खाट दाराकडे, बाटली दुसऱ्याला. निर्दय? मुळीच नाही! मरणाऱ्यावर दया दाखवून वाचणाऱ्याला मारणं, हाच खरा निर्दयपणा.

११ ऑक्टोबर
ठाकुरवाडीच्या नागूने बायकोला झोळीतून आणलं. बायजा. जुलाब, उलट्या. नाडी दोन, श्वास एक, दाब दोन, ताप शून्य. पाच झाले. नागूला ओसरीवर बसवून, शुद्ध तपासायला तिला नवऱ्याचं नाव विचारलं. तीनदा. टक लावून पाहत राहिली, बोलली नाही. शुद्धीचे तीन. एकूण आठ. दाराकडे.
दुपारी गेली.

१२ ऑक्टोबर
गोदूबाई काल रजेवर होत्या. आज ऐकलं आणि माझ्यावर कडाडल्या, की बाईमानूस नवऱ्याचं नाव तोंडानं घेल व्हय? मी माज्या धन्याला जल्मभर मोरूचा बा म्हंते, मग मीबी बेसुद हाय का?
म्हणजे पाचच. आणि बाटली कपाटात होती.
नागू रडला नाही. जाताना एवढंच म्हणाला, की तुमालाबी कुनी इचारील.

१९ ऑक्टोबर
दाराकडची खाट रिकामी. तरी तिला तक्ता अडकवलेला. अक्षर माझं. नाडी दोन. मी लिहिलेलं नाही. फाडून टाकला.
मग स्वतःची नाडी मोजली — एकशे तीस.

२० ऑक्टोबर
पुन्हा तक्ता. श्वास एक. दाब दोन. सकाळपासून मला उलट्या. गोदूबाईंना तक्ता दिसत नाही. म्हणतात, खाटेवर कोन बाई बसलीय ती?

२१ ऑक्टोबर
उभं राहवत नाही. बाकी खाटा भरलेल्या — मला दाराकडे निजवलं. ताप शून्य. पाच झाले. शुद्धीचा रकाना कोरा.
ती पायथ्याशी. तशीच टक लावून. विचारते, बायकोचं नाव काय?
ठाऊक आहे मला. जीभ हलत नाही —
दुसऱ्यांदा विचारलं.
गोदूबाई बाटली हातात घेऊन थांबल्यात — माझ्या उत्तराची वाट —
तिसऱ्यांदा.
शुद्धीत आहे मी — लिहून दाखवतो — तिचं नाव —