घरामागे एक माणूस

३ नोव्हेंबर

कादंबरी हातातून सुटत नाही. समुद्र आत शिरत चाललेलं एक शहर. सरकार सगळ्यांना डोंगरापलीकडे हलवतं, पण दर घरामागे एका माणसाने मागे राहायला हवं, नाहीतर घर सरकारजमा. कोणी राहायचं ते घरच्यांनीच ठरवायचं. जबरदस्ती नाहीच. आणि प्रत्येक घरात जिचा सगळ्यांवर जास्त जीव असतो तीच राहते. नायिका रेवा नवऱ्याला म्हणते, "तू जा, मी बघते इकडचं."

पुस्तक मिटलं आणि वाडीत एक फेरी मारून आले. सासूबाई गेल्या तेव्हा मीही माधवला असंच काहीतरी म्हणाले होते. महिनाभरासाठी. चार वर्षं झाली.

५ नोव्हेंबर

माधवचा मुंबईहून फोन. "पंप चालू आहे ना? देवापुढे दिवा लावलास?" हो. हो. मग त्याला मीटिंग होती.

रेवाही रोज गच्चीवर दिवा लावते. तो नवऱ्याला डोंगरावरून दिसतो. तिला वाटतं, दिवा बघून त्याला आपली आठवण येत असेल. मला वाटतं, दिवा दिसला की तो निर्धास्त होत असेल — आहे ती, बरी आहे. म्हणूनच तो येत नाही.

८ नोव्हेंबर

माधव सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरला, जेवायच्या वेळेला घरी. मी सरळ सांगितलं, डिसेंबरात मी तुझ्याबरोबर येणार. घराला कुलूप लावू.

तो बराच वेळ माशाचे काटे काढत राहिला. "अगं, आईला शब्द दिलाय. आणि तुला लिहायला इथल्यासारखी शांतता कुठे मिळणार?"

स्पीकर लावलेल्या फोनवर सुयशभावजी होतेच. "वहिनी म्हणजे आमच्या किल्लेदार. किल्लेदाराला रजा नसते." दोघं भाऊ हसले. मीही हसले, का कोण जाणे.

कामाला येणारी सखुबाई मागच्या अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. माधव झोपल्यावर म्हणाली, "बाय, तुमचा मानूस तिकडं, तुमी हिकडं. ह्याला काय संसार म्हनाचा?"

या शांततेत चार वर्षांत एक गोष्ट पुरी झालेली नाही.

९ नोव्हेंबर

गेला. जाताना विहिरीवरचा दिवा दुरुस्त करून गेला.

१२ नोव्हेंबर

रेवाला सुटायची एक वाट आहे. घरातलंच दुसरं कोणी आपणहून तिच्या जागी आलं तर. धाकटी बहीण दारात येऊन उभी राहते — "मी राहते ना थोडे दिवस." रेवा दार उघडत नाही. आतून कडीला धरून बसून राहते, बहीण निघून जाईपर्यंत.

फार रडले. समासात पेन्सिलीने लिहिलं — 'प्रेम म्हणजे हेच.'

१६ नोव्हेंबर

संपली. शेवटच्या पानावर पाणी माडीच्या जिन्यापर्यंत येतं. दिवा लागलेला असतो. डोंगरावर सगळे नीट झोपलेले.

आज भरतीचा आवाज नको वाटला. खिडकी लावून घेतली.

१९ नोव्हेंबर

क्षिप्राचा फोन, सुयशभावजींची मुलगी. गोड पोर. लहानपणी सुट्टी संपली की माझ्या पदराला धरून रडायची. "काकू, कामं घरूनच करायची आहेत आणि मुंबईचा वीट आलाय. येऊ का तुझ्याकडे?"

"ये की," म्हणाले.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण पुढे म्हणाले, वाय-फाय चांगलं आहे. वरची खोली तुलाच देते. सखुबाई असते सोबतीला. शांतता आहे गं इथे खूप.

माझा आवाज किती मऊ लागला होता!

२३ नोव्हेंबर

क्षिप्रा आली. पंपाचं बटण दाखवलं, वाती कुठे असतात ते सांगितलं. तिने सगळं आनंदाने समजून घेतलं. मी उद्या निघतेय हे तिला अजून सांगितलेलं नाही. माधवलाही नाही.

दुपारच्या बोटीचं तिकीट काढलं आहे. फक्त जायचं.